गवती चहा आणि तुळस सुकवून तेल काढायच्या भट्टीत घातली तर तेलाचा उतारा वाढतो का? वासात फरक पडतो का?

उतारा, म्हणजे निघणारं तेल, वाढत नाही. वाढल्यासारखा दिसतो. या एका गैरसमजापायी आमच्या घरात दोन वर्षं वाद चालला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धुळे जिल्ह्यात आमचा एकरभर गवती चहा होता. भट्टी काकांची. आजोबांनी पूर्वी रोशा या दुसऱ्या सुगंधी गवताच्या भट्टीवर काम केलेलं; गवत वाळवूनच डेगेत, म्हणजे भट्टीच्या टाकीत, भरायचं, ही त्यांची शिकवण काकांनी धरून ठेवली होती. मे महिन्यात कापणी झाली. मी म्हणालो, एक रात्र सावलीत मलूल होऊ द्या आणि लावा. काका म्हणाले, तीन दिवस ऊन खाऊ दे. शेवटी गवताची वाटणी केली. माझं ५०० किलो हिरवं गवत गोठ्याच्या छपराखाली पसरलं आणि दुसऱ्या सकाळी भट्टीला लागलं. तेल निघालं २ किलो. काकांचं तेवढंच गवत खळ्यावर तीन दिवस तापलं, वजन उतरलं १८० किलोवर. त्यातून तेल १ किलो ३५० ग्रॅम.

काकांनी भट्टीच्या भिंतीवर खडूने लिहिलं: हिरवं ०.४ टक्के, सुकं ०.७५ टक्के. आणि गावभर सांगत सुटले की सुकवलं की उतारा जवळजवळ दुप्पट. अहो, गवत एकाच वावरातलं, एकाच वजनाचं! ६५० ग्रॅम तेल कमी आलं, ते भिंतीवर कुणीच लिहिलं नाही. पाणी उडालं की भागायची संख्या लहान होते आणि टक्का फुगतो, एवढंच. शेतकऱ्याने एकरी किती किलो तेल आलं ते बघावं. टक्केवारी मांडायचीच तर दोन्हीकडे वजन एकच धरा, हिरवं तर हिरवं, कोरडं तर कोरडं.

वासाचं म्हणाल तर गवती चहाच्या तेलाचा भाव सिट्रलवर, म्हणजे लिंबासारखा वास देणाऱ्या घटकावर, ठरतो. चांगल्या तेलात ते ७५ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि ऊन-हवा लागली की बिघडतं. व्यापाऱ्याने काकांचं तेल हुंगलं, लिंबाच्या वासामागे वाळल्या कडब्याचा वास येतोय म्हणाला, आणि भाव पाडला. मी जिंकलो असं मला तेव्हा वाटलं नाही. घरचाच पैसा गेला होता.

तुळस आणखी नाजूक. गवती चहाचं तेल पानाच्या आत पेशींमध्ये असतं. तुळशीचं मोठ्या प्रमाणात पानावरच्या बारीक ग्रंथींत, त्या चुरगळल्या की फुटतात. तेव्हा पेंढ्या आपटू नका, सावलीत पातळ थर द्या, ढीग लावू नका. ढीग आतून तापतो आणि बुरशी धरते.

काकांचं एक मात्र खरं होतं. मलूल गवत टाकीत जास्त मावतं, खेपा कमी होतात, सरपण वाचतं. पावसात कापलेलं ओलं गवत तसंच भरू नये, हेही खरं. पण त्याला एक दिवसाची सावली पुरते, तीन दिवसांचं ऊन लागत नाही. आणि माझा हा नियम सगळ्या वनस्पतींना लावू नका. पॅचौली या सुगंधी झुडपाची पानं सावलीत वाळवून, मुरवूनच भट्टीला लावतात, कारण आतल्या पेशी सैल झाल्याशिवाय तेल नीट सुटत नाही. वाळ्याची मुळंही धुऊन वाळवतात. रोशाच्या तेलात मुख्य घटक जिरॅनिऑल, तो सिट्रलपेक्षा टिकाऊ. त्यामुळे आजोबांचं गवतही चुकीचं नव्हतं आणि आजोबाही. ती रीत गवती चहाला लावली, तिथे चुकलं.

काका, चुलतभावाने हे वाचून दाखवलं तर एवढंच सांगतो: १ किलो ३५० ग्रॅमला १८० ने नाही, ५०० ने भागा. ०.२७ टक्के येतात.