दही चालेल, श्रीखंड नको

प्रश्न : अंगावरून वारंवार पांढरं जातं, खाज सुटते. यीस्टविरोधी आहार म्हणून दूध-दही बंद करून सात दिवस नुसत्या रसांवर राहायला सांगितलंय. राहू का?

उत्तर : नको. असा त्रास अनेकदा ज्या यीस्टमुळे होतो, त्या कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरता येत नाही. घरचं ताजं दही, ताक, पनीर, तूप खुशाल खा, श्रीखंड-बासुंदी आवरा. दुधाने पोट फुगत असेल तर बहुधा लॅक्टोज पचत नाही, एवढंच. रसांचं ‘शुद्धीकरण’ तर उलटंच काम : पेलाभर मोसंबीच्या रसातून २० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते, चोथा गाळणीत राहतो. तिसऱ्या दिवशी चक्कर आली की म्हणायचं, बुरशी मरतेय! ती भुकेची चक्कर. त्यापेक्षा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) तपासून घ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेहात हा त्रास पुन्हा पुन्हा उलटतो.