शिंपला ‘अंडी घालतो’ का?

माया अरेनारिया या थंड पाण्यातील शिंपल्याच्या वार्षिक प्रजननचक्रावरील मजकुरात ‘हा शिंपला उन्हाळ्यात अंडी घालतो’ असे वाक्य चालेल का, आणि ‘विणीचा हंगाम’ हा शब्द त्याला लावता येईल का, असा प्रश्न आला आहे. पहिल्याला माझे उत्तर नकारार्थी आहे, दुसऱ्याला होकारार्थी.

‘घालणे’ या क्रियापदात जागेची निवड आहे. पक्षीण घरट्यात अंडी घालते, तिथे मादी आहे, ठिकाण आहे आणि बहुधा राखणही आहे. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर चिखलात राहणाऱ्या माया अरेनारिया या शिंपल्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे नर आणि मादी वेगवेगळे असतात, दोघेही आपापल्या जननपेशी (मादी अंडपेशी, नर शुक्रपेशी) थेट पाण्यात सोडतात आणि फलन शरीराबाहेर होते. ‘अंडी घालतो’ म्हटले की यातला नर वाक्यातून नाहीसाच होतो. ‘बीज सोडतो’ हा पर्याय सुचेल. पण ‘मत्स्यबीज’ म्हणजे माशांची लहान पिले, आणि शिंपल्यांच्या शेतीतही ‘बीज’ म्हणजे तळाशी बसलेली इवली पिले, त्यामुळे घोटाळा होईल. म्हणून ‘जननपेशी सोडणे’ आणि नाम हवे असल्यास ‘जननपेशींचा विसर्ग’ हे मला नेमके वाटते.

‘वीण’ हा शब्द व्यायणे, विणे यांच्या कुळातला आहे (कापडाची वीण वेगळी). मूळ अर्थ पिलाला जन्म देण्याचा असला, तरी अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी ‘विणीचा हंगाम’ कधीच रूढ झाला आहे, तेव्हा शिंपल्यालाच तो नाकारण्याचे कारण दिसत नाही. मात्र हंगाम कोणत्या पाण्यातला, ते लिहायलाच हवे: हाच शिंपला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केप कॉडच्या उत्तरेला साधारणपणे वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, जननपेशी सोडतो, तर दक्षिणेकडच्या चेसापीक उपसागरात वसंत आणि शरद अशा दोन वेळा.

खरी कसोटी प्रजननचक्राच्या मधल्या अवस्थांच्या नावांची आहे. मादीच्या जननग्रंथीचा, म्हणजे अंडपेशी तयार करणाऱ्या अवयवाचा, पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर वाढत्या अंडपेशी ग्रंथीतल्या पोकळीच्या भिंतीला देठाने लटकलेल्या दिसतात. पिकल्यावर त्या देठ सोडून मोकळ्या होतात आणि पोकळी गच्च भरते. विसर्गानंतर उरतात त्या सैल, रिकाम्या पोकळ्या आणि मागे राहिलेल्या मोजक्या अंडपेशी, ज्या शरीर पुन्हा शोषून घेते. यांना अनुक्रमे ‘वाढती’, ‘पक्व’ आणि ‘रिक्त’ म्हणावे. शेवटच्या अवस्थेला ‘थकलेली’ किंवा ‘संपलेली’ म्हटलेले मला पटत नाही, कारण तीच ग्रंथी विश्रांतीनंतर पुन्हा भरू लागते. तेव्हा मूळ वाक्य असे करावे: ‘केप कॉडच्या उत्तरेला या शिंपल्याचे नर-मादी उन्हाळ्यात जननपेशी पाण्यात सोडतात.’