'टोटेम पोल'ला 'देवकस्तंभ' म्हणावे का?

अलास्कातील सिटका राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान पाहून आलेले एक वाचक त्यावर प्रवासलेख लिहीत आहेत. समुद्रकाठच्या त्या अरण्यात पायवाटेच्या कडेने उभ्या असलेल्या कोरीव लाकडी खांबांना, म्हणजे टोटेम पोलना, त्यांनी मसुद्यात 'देवकस्तंभ' असे म्हटले आहे. हा शब्द योग्य आहे का, आणि तेथील सर्वच खांबांना 'ट्लिंगिट', म्हणजे त्या भागातील मूळ रहिवासी ट्लिंगिट लोकांचे, म्हणता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

'देवकस्तंभ' हा शब्द निराधार नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील जातीजमातींची माहिती लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी मराठ्यांच्या आणि इतर अनेक समाजांच्या देवकांना 'टोटेम' म्हटले, आणि पुढे मराठीत मानववंशशास्त्रावर लिहिताना हीच जोडी उलट बाजूने वापरात आली. साम्यही खरे आहे. कोणाचे देवक कळंब असते, कोणाचे मोरपीस, कोणाचे पंचपल्लव. आणि देवक एकच निघाले की सोयरीक तेथेच थांबते. ट्लिंगिट समाजातही प्रत्येक कुळाची चिन्हे ठरलेली असतात. ही कुळे डोमकावळा आणि गरुड अशा दोन मोठ्या शाखांत विभागलेली असून, परंपरेने विवाह आपल्या शाखेबाहेरच करावा लागतो. फरक एवढाच की तेथे कूळ आईकडून येते.

तरीही या खांबांना 'देवक' हा शब्द लावू नये, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण मराठीतल्या क्रियापदांतच सापडते. देवक आणतात, देवक बसवतात, कार्य उरकले की देवक उठवतात. देवक बसल्यावर सोयरसुतक लागत नाही, असे घरोघरी मानले जाते. म्हणजे आपल्या मनात देवक ही पूज्य गोष्ट आहे आणि तिचा मुक्काम मंगलकार्यापुरताच आहे. ट्लिंगिट खांब यातल्या कोणत्याच क्रियापदाला जुळत नाही. तो उभारला जातो, आणि परंपरेने एकदा उभारला की ऊनपाऊस सोसत जीर्ण होऊन पडेपर्यंत उभाच राहतो. त्याची पूजा होत नाही. एकोणिसाव्या शतकातील काही मिशनऱ्यांनी या खांबांना मूर्ती समजून त्यांच्यावर टीका केली होती, आणि आपण 'देवक' लिहिले, तर तोच जुना गैरसमज मराठीत नव्याने रुजवू. खांबावरची चिन्हे ही कुळाच्या मालकीची असतात; ती दुसऱ्या कुळाला मनाला येईल तशी वापरता येत नाहीत. खांब कोरण्याचे आणि उभारण्याचे काम परंपरेने समोरच्या शाखेतील लोकांना दिले जाते. पॉटलॅच नावाच्या समारंभात त्यांना त्याचा मोबदला मिळतो आणि त्या मालकीचे साक्षीदारही तेच ठरतात. हा हक्काचा आणि इतिहासाचा व्यवहार आहे, उपासनेचा नव्हे.

उद्यानातीलच एक उदाहरण पाहावे. 1804 मध्ये इंडियन नदीच्या मुखाशी किक्स-आदी कुळाच्या ट्लिंगिटांनी अलास्कातील रशियन वसाहतीचा प्रमुख अलेक्झांडर बारानोव्ह याच्या सैन्याशी आणि त्याच्या ॲल्यूट साथीदारांशी लढाई केली. पहिला हल्ला त्यांनी परतवून लावला. पुढे दारूगोळा संपत आल्यावर ते रात्रीतून तेथला आपला किल्ला सोडून निघून गेले. त्यांचा सेनानी काल्यान डोमकावळ्याचे शिरस्त्राण घालून, हातात लोहाराचा हातोडा घेऊन लढला होता. त्या किल्ल्याच्या जागी 1999 मध्ये जो खांब उभारला गेला, त्याला काल्यानचेच नाव आहे, आणि किक्स-आदींचे चिन्ह असलेला बेडूक त्यावर कोरलेला आहे. या बेडकाला 'देवक' म्हटले, तर मराठी वाचक हळदकुंकू शोधू लागेल. 'कुळाचे चिन्ह' म्हटले, तर तो लढाईकडे पाहील.

म्हणून पहिल्या उल्लेखात 'टोटेम पोल, म्हणजे कुलचिन्हे कोरलेले खांब' असे लिहावे आणि पुढे नुसते 'टोटेम खांब' म्हणावे. 'टोटेम' हा शब्दही तिथला नाहीच. तो पुष्कळ पूर्वेकडच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला, आणि ट्लिंगिट भाषेत खांबाला 'कूतेया' म्हणतात. परंतु 'टोटेम' आता जगभर रुळला आहे, तो बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. 'स्तंभ' मात्र टाळावा, कारण त्या शब्दाने मराठी वाचकापुढे दगड उभा राहतो आणि येथे सगळा कारभार लाकडाचा आहे. त्याच ओघात आणखी एक दुरुस्ती: खांबाच्या लाकडाला, म्हणजे रेड सिडरला, मसुद्यात 'देवदार' म्हटले आहे. देवदार हा हिमालयातला खरा सिडर. रेड सिडर नावापुरताच सिडर असून तो देवदाराच्या नव्हे तर सायप्रस या झाडाच्या कुळातला वृक्ष आहे, तेव्हा 'रेड सिडर' हेच राहू द्यावे. त्या अरण्यातील हेमलॉकचाही सॉक्रेटिसला दिलेल्या विषाशी काही संबंध नाही. तो उंच सूचिपर्णी वृक्ष आहे.

आता दुसरा प्रश्न. सर्व खांबांना 'ट्लिंगिट' म्हणता येणार नाही. अलास्काचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन ब्रेडी यांनी आग्नेय अलास्कातील गावांतून हे खांब मिळवले, 1904 च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले आणि नंतर सिटकाला आणवले. त्यांतले बरेच खांब दक्षिणेकडच्या हैदा लोकांच्या गावांतले होते. शिवाय पायवाटेवर आज दिसणारे अनेक खांब मुळातले नसून पुढे कोरलेल्या प्रतिकृती आहेत. जागा ट्लिंगिटांची, लढाई ट्लिंगिटांची, पण खांब ट्लिंगिट आणि हैदा अशा दोघांचे, हे लेखात एका वाक्यात तरी यायला हवे. या भूमीला 1910 मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि 'राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान' हे नाव 1972 मध्ये आले, हे लक्षात ठेवल्यास जुन्या घटनांच्या वर्णनात आजचे नाव घुसणार नाही.

राहिले लेखन. 'ट्लिंगिट' हे रूप ठीक आहे. त्या लोकांच्या स्वतःच्या उच्चारात आरंभी ट नाही. जीभ ल च्या जागी ठेवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडल्यावर जो घोष नसलेला ध्वनी येतो, तो आहे. आपल्या कानाला तो 'ल्हासा'तल्या ल्ह च्या जवळचा वाटेल. तरीही 'ल्हिंगित' असे लिहू नये. नकाशात किंवा इतर पुस्तकांत ते नाव शोधणाऱ्याला त्यावरून काहीच सापडणार नाही.