मुलगी दिवसभर अंतराळयाने आखते, पुढे काय?

पत्राचा सारांश: माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासावरील विज्ञानकथा-मालिकेच्या विश्वात शोभतील अशी स्वतःची याने ती गेली काही वर्षे आखते आहे, आता संगणकावर त्यांची त्रिमित मॉडेल्सही करते. तिच्या शिक्षकांच्या मते तिने एरोस्पेस इंजिनिअर व्हावे, तर तिच्या वडिलांच्या मते हा सारा वेळेचा अपव्यय आहे. नुकतीच एका अनोळखी व्यक्तीने तिचे एक मॉडेल विकत मागितले. यातून करिअर होते का, आणि ते मॉडेल विकू द्यावे का? सोबत तिच्या तीन आकृत्या पाठवत आहे.

महोदया, सप्रेम नमस्कार.

पत्रापेक्षा आकृत्यांनीच मला अधिक सांगितले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मालवाहू यानाच्या आकृतीत मालाचा दरवाजा आधी यानाच्या पोटाशी काढलेला होता. तो खोडून बाजूला नेला आहे आणि समासात बारीक अक्षरांत लिहिले आहे, ‘उतरल्यावर पाय आडवे येतात’. त्याच यानाच्या बाजूच्या दृश्यात खिडक्यांच्या सात रांगा आहेत आणि छेददृश्यात मजलेही बरोबर सातच आहेत. याउलट युद्धनौकेची आकृती दिसायला सर्वांत देखणी असली, तरी तिच्या खिडक्या दोन मजल्यांएवढ्या उंच झाल्या आहेत आणि त्यामुळे आठशे मीटरचे म्हणून दाखवलेले यान नजरेला जेमतेम तीनशेचे वाटते. पाहणाऱ्याचा डोळा आकाराचा अंदाज खिडक्या, दरवाजे आणि जोडपट्ट्या यांवरूनच बांधतो. ही चूक सुधारण्याजोगी आहे. दरवाजा हलवण्यामागचा विचार मात्र सहसा शिकवून येत नाही, आणि तो तिच्याकडे आहे.

आता इंजिनिअरिंगच्या सल्ल्याविषयी. यान आवडते म्हणजे यान बांधण्याचे शास्त्र आवडेलच, हे गृहीतक मला मान्य नाही. एरोस्पेस इंजिनिअरचा बराचसा काळ संपूर्ण यानाच्या रूपावर जात नाही. तो जातो एखाद्या झडपेवर, तिच्यावर येणाऱ्या ताणाच्या गणितावर, चाचण्यांवर आणि त्यांच्या अहवालांवर. हे काम ज्यांना भावते त्यांना ते मनापासून भावते, परंतु तिला ते भावेल की नाही हे आकृत्यांवरून ठरवता येणार नाही. त्यासाठी तिला दोन प्रश्न विचारून पाहा. पहिला असा, की तुझ्या यानात निर्माण होणारी उष्णता जाते कुठे? अवकाशात हवा नसल्यामुळे ती केवळ प्रारणाने बाहेर टाकावी लागते, आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला रेडिएटरची मोठमोठी पाती आहेत. दुसरा प्रश्न फिरत्या चक्राचा, म्हणजे स्वतःभोवती फिरून आतल्या माणसांना वजन भासवणाऱ्या यानाच्या गोल भागाचा: मिनिटाला दोन फेरे घेऊन पृथ्वीइतके गुरुत्व भासवायचे असेल, तर चक्राची त्रिज्या किती हवी? उत्तर सुमारे 224 मीटर येते. हे प्रश्न ऐकून ती वही घेऊन गणिताला बसली आणि तेवढ्यासाठी यानाचा आराखडा बदलू लागली, तर शिक्षकांचे म्हणणे गांभीर्याने घ्या. ‘मग तिथे पाती लावते, यानाची बाह्याकृती छान दिसेल’ असे ती म्हणाली, तर तिची ओढ डिझाइनकडे आहे असे समजा. दोन्ही उत्तरे सारखीच प्रतिष्ठेची आहेत, हे तिच्या वडिलांनाही सांगावे.

‘स्टार ट्रेक’च्या विश्वाचा इतिहासच तिच्या बाजूने साक्ष देतो. मालिकेतील मुख्य यान असलेल्या मूळ ‘एंटरप्राइज’चे रूप ठरवणारे मॅट जेफ्रीज स्वतः वैमानिक होते. इतकी शक्तिशाली इंजिने माणसांजवळ असणे धोक्याचे, म्हणून त्यांनी ती मुख्य भागापासून दूर, खांबांवर बसवली. आणि दुरुस्ती आतूनच व्हावी या विचाराने बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवला. पुढे विमाननिर्मिती उद्योगात वर्षानुवर्षे डिझाइनचे काम केलेले फ्रान्झ जोसेफ श्नॉबेल्ट हे स्वतःच्या मुलीच्या मित्रमंडळाच्या वेडामुळे या विश्वाकडे वळले आणि 1975 साली त्यांनी यानाचे तपशीलवार आराखडे व एक तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. मालिकेत कधीच न दिसलेले यानांचे काही नवे वर्गही त्या पुस्तिकेत होते. डग ड्रेक्सलर तर मुळात चाहतेच. रंगभूषेसाठी ऑस्कर मिळवल्यानंतर ते यानांच्या कामात आले आणि याच विश्वातील 2001 साली सुरू झालेल्या मालिकेचे यान त्यांनी घडवले. ही उदाहरणे हमी म्हणून घेऊ नयेत, कारण अशी माणसे मोजकीच असतात. तरीही या तिघांच्याही हाती आधी विमान, आराखडा किंवा रंगभूषा यांपैकी एखादे पक्के कसब होते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आज असे कसब मिळवण्याच्या वाटा अधिक आहेत. औद्योगिक डिझाइनच्या अभ्यासक्रमात वस्तूचे रूप आणि तिचा वापर यांचा एकत्र विचार शिकवला जातो. मालवाहू यानाची आकृती पाहता मला हीच वाट तिला सर्वाधिक जवळची वाटते. विख्यात संकल्पनाकार सिड मीड हे चित्रपटांकडे वळण्यापूर्वी फोर्ड कंपनीत मोटारींच्या डिझाइन विभागात होते, हे येथे सांगण्याजोगे आहे. गेम आणि चित्रपटांसाठी कॉन्सेप्ट आर्ट (निर्मितीआधीची संकल्पनाचित्रे) किंवा त्रिमित मॉडेलिंग ही दुसरी वाट आहे. तिथे कामे बहुधा प्रकल्पापुरती असतात, स्पर्धा तीव्र असते आणि प्रकल्प संपला की पुन्हा काम शोधावे लागते, याची कल्पना तिला आताच द्यावी. जहाजबांधणीच्या शाखेचा विचार कोणी करत नाही, पण मजले, भार, दरवाजे आणि माणसांची ये-जा यांत रमणाऱ्या मुलीने तिची माहिती जरूर घ्यावी.

आता विक्रीविषयी. ते मॉडेल विकू देऊ नका. यान तिने आखले असले, तरी त्या विश्वाची चिन्हे, नावे आणि ओळखीचे रूप यांवर हक्क दुसऱ्याचे आहेत. 2016 साली हक्कधारकांनी चाहत्यांच्या लघुपटांसाठी जी नियमावली जाहीर केली, तिच्यात एका कथेला जास्तीत जास्त 30 मिनिटे, तीही दोन भागांत, आणि काम करणाऱ्यांना मोबदला नाही, अशा अटी होत्या. ती नियमावली मॉडेल्ससाठी नसली, तरी चाहत्यांच्या कामात पैसा शिरला की मालकांची भूमिका कशी असते, ते तिच्यावरून कळते.

म्हणून याने आखणे थांबवायचे, असा अर्थ कृपया काढू नका. दुसऱ्याने घालून दिलेल्या शैलीत, तिचे नियम न मोडता नवे काही रचणे हेच स्टुडिओतील रोजचे काम असते, आणि त्याचा सराव तिला आपसूक झाला आहे. प्रवेशासाठीच्या पोर्टफोलिओत यांपैकी दोनतीन याने अवश्य असावीत, मात्र ती चाहतीने केलेली आहेत असा स्पष्ट उल्लेख करून. उरलेले काम पूर्णपणे तिच्या स्वतःच्या कल्पनेतील हवे. त्यात केवळ अखेरचे चकचकीत चित्र ठेवू नये. खोडलेला दरवाजा, समासातील टीप, टाकून दिलेले पर्याय आणि संगणकावरील मॉडेलचा सांगाडा असलेली रेषांची जाळी हेही दाखवावे, कारण परीक्षकांना विद्यार्थी विचार कसा करतो हे पाहायचे असते. ब्लेंडर हे त्रिमित मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर मोफत असल्याने महागड्या साधनांवर तूर्त खर्च करण्याचे कारण नाही.

गणित आणि भौतिकशास्त्र हे विषय तिने आणखी एक वर्ष तरी सोडू नयेत. त्यामुळे इंजिनिअरिंग, जहाजबांधणी आणि डिझाइन या तिन्ही वाटा खुल्या राहतील. येत्या दोन महिन्यांत तिला कोणत्याही मालिकेशी संबंध नसलेले एकच यान शेवटपर्यंत न्यायला सांगा: तीन बाजूंची दृश्ये, मजल्यांचे आराखडे, शेजारी मापासाठी माणसाची आकृती आणि उष्णतेच्या प्रश्नाचे तिचे उत्तर. ते काम झाले की खोडाखोडीच्या पानांसह मला पाठवा. कोणत्या अभ्यासक्रमांना अर्ज करायचा ते त्यावरून ठरवू.