घर छापायला शिकायचे, तर आधी काँक्रीट शिकावे

नागपूरच्या हिंगणा रोडवरून एका पालकांनी लिहिले आहे: “मी पंचवीस वर्षे गवंडीकाम केले, आता लहान घरांचे ठेके घेतो. मुलगी बारावी विज्ञानात आहे. बेंगळुरूचे थ्रीडी प्रिंटिंगने, म्हणजे यंत्राने काँक्रीटचे थरावर थर छापून बांधलेले पोस्ट ऑफिस मोबाइलवर पाहिल्यापासून तिला तेच शिकायचे आहे. एक खासगी क्लास सहा महिन्यांचे सर्टिफिकेट देतो म्हणतो. इंजिनीअरिंग सोडून तिकडे पाठवावे का? आणि यंत्रच भिंती बांधणार असेल, तर या धंद्यात तिला घालण्यात अर्थ आहे का?”

सप्रेम नमस्कार,

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपली खरी काळजी तिथे आहे. ते पोस्ट ऑफिस ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. सुमारे १,०२१ चौरस फुटांची ती इमारत एल अँड टी कंपनीने आयआयटी मद्रासच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली साधारण दीड महिन्यात उभी केली. त्याआधी, २०२१ मध्ये, आयआयटी मद्रासच्याच आवारात तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या त्वस्ता या कंपनीने सुमारे ६०० चौरस फुटांचे घर छापले होते. तंत्र खरे आहे आणि ते आपल्या देशात आले आहे. मात्र यंत्र मुख्यतः भिंती घालते. पाया, स्लॅब, दारे-खिडक्या, नळ आणि वायरिंग यांसाठी आजही माणसेच लागतात. म्हणून या धंद्यात मुलीला पाठवण्यास घाबरण्याचे कारण मला दिसत नाही.

या कामातला अवघड भाग यंत्र चालवणे हा नाही. यंत्राच्या तोंडातून माल एक-दोन सेंटिमीटर जाडीच्या थरांनी पडतो आणि त्याला सेंटरिंगचा आधार नसतो. तो पाइपातून सहज वाहिला पाहिजे, पण बाहेर पडताच त्याने आकार धरून वरचे थर पेललेही पाहिजेत. माल सैल राहिला तर भिंत बसते. लवकर घट्ट झाला तर वरचा थर खालच्याला नीट धरत नाही आणि तो सांधा कायमचा कच्चा राहतो. मे महिन्यात भर दुपारी केलेल्या प्लास्टरला तडे का जातात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात छपाई करायची, तर हाच प्रश्न प्रत्येक थरागणिक सोडवावा लागेल. दुसरी अडचण सळईची. थर चढत असताना उभे लोखंड घालता येत नाही, म्हणून बहुधा भिंत पोकळ छापून त्या पोकळीत सळया सोडतात आणि वरून काँक्रीट ओततात. स्वित्झर्लंडमध्ये ईटीएच झुरिचच्या संशोधकांनी छापलेल्या खांबांचा तीस मीटर उंच मनोरा उभारला. तिथे एक रोबो थर घालत होता आणि दुसरा त्यांत सळईच्या कड्या बसवत होता. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे काँक्रीट आणि संरचना ज्याला कळते, त्यालाच सापडतात.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की तिने स्थापत्य अभियांत्रिकीच घ्यावी. व्हीएनआयटी या नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसाठी जेईई मेन आणि शहरातील इतर महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी, या दोन्ही परीक्षा तिने द्याव्यात. तिचा ओढा बांधकामापेक्षा आकाराकडे आणि रचनेकडे असेल, तर मात्र पाच वर्षांचे बी.आर्क. पाहावे. पदवी घेत असतानाच पायथन ही संगणकाची भाषा आणि राइनो-ग्रासहॉपर हे आकार रचण्याचे सॉफ्टवेअर शिकता येते. पुढे गेट या प्रवेश परीक्षेमार्गे एम.टेक. आहेच. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला लांब जाण्याचीही गरज नाही. छपाईच्या मालात औष्णिक केंद्राची राख सर्रास वापरतात, आणि कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे आपल्या दाराशी आहेत.

सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर पदवी सोडू नये. पैसे भरण्यापूर्वी तिथे जाऊन काँक्रीट छापणारे यंत्र चालू स्थितीत पाहावे, आणि माल विद्यार्थी स्वतः बनवतात का, ठोकळे (क्यूब) भरून त्यांची ताकद तपासतात का, हे विचारावे. फक्त प्लास्टिकच्या तारेवर चालणारा टेबलावरचा प्रिंटर दाखवला, तर नमस्कार करून परत यावे. हेही सांगितले पाहिजे, की आपल्याकडे घरे छापणाऱ्या कंपन्या अजून मोजक्याच आहेत आणि त्यांत जागाही थोड्या आहेत. स्थापत्यची पदवी हाती असली, तर प्रीकास्ट (आधी ओतून तयार केलेले भाग), बीआयएम (इमारतीचे संगणकावरील माहितीसह मॉडेल) आणि पुलांची कामे तिच्यासाठी खुली राहतात. नागपूर मेट्रोच्या पुलाचे कितीतरी भाग यार्डात ओतून, नंतर जागेवर आणून जोडलेले आहेत. ठरल्या मापात भाग बनवून जुळवण्याची ती शिस्त छपाईतही तितकीच लागते.

परीक्षा संपल्यावर तिला आपल्या साइटवर न्यावे. एकाच प्रमाणाचा माल सकाळी सहाला आणि दुपारी दोनला सावलीत कालवून द्यावा, थापीला तो किती मिनिटे ऐकतो हे तिला घड्याळ लावून वहीत लिहू द्यावे, आणि फरक का पडला हे आधी तिला सांगू द्यावे, मग आपण सांगावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक