घोडबंदर रोडला ३०व्या मजल्यावर केक मधोमध बसतो, उंचीमुळे असेल का?

नाही, ३०व्या मजल्याचा यात काही संबंध नाही. शंभरेक मीटर वर गेल्याने हवेचा दाब जेमतेम एक टक्का कमी होतो. रेसिपी बदलावी लागते ती साधारण ९०० मीटरच्या पुढे. लेहला (३५०० मीटर) पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, केक भराभर फुगतो आणि आतून शिजायच्या आत खाली बसतो. तिथे बेकिंग पावडर आणि साखर कमी, दूध थोडं जास्त, ओव्हन १०-१५ अंश वाढवून, असं करावं लागतं. ठाण्यात हे केलंत तर केक दडदडीत होईल, कृपया करू नका.

मी घरगुती केकच्या ऑर्डर घेते, त्यावरून सांगते: आधी हे बघा.

- अर्धा चमचा बेकिंग पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली नाही तर फेकून द्या. पावसाळ्यात उघडा डबा फार लवकर दमट होतो.
- ओटीजीत (विजेच्या छोट्या घरगुती ओव्हनमध्ये) वेगळा थर्मामीटर ठेवा. बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता बऱ्याचदा जुळत नाही.
- पहिली २० मिनिटं दार उघडू नका.

महाबळेश्वरला (सुमारे १३५० मीटर) बेक करणार असाल तर मात्र बेकिंग पावडर किंचित कमी घ्या.