वांद्र्याचा किल्ला की बाग?

प्रश्न : वांद्र्याच्या बँडस्टँडच्या टोकाला बाग आहे आणि तिलाच किल्ला म्हणतात. तटबंदी इतकी थोडी कशी उरली?

उत्तर : पोर्तुगिजांनी 1640 मध्ये बांधलेल्या या किल्ल्याचे नाव ‘कास्तेला द आग्वाद’, ‘आग्वाद’ म्हणजे जहाजांनी गोडे पाणी भरून घेण्याची जागा. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या 1661 च्या विवाह-करारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, तरी वांद्रे ज्या बेटावर आहे ते साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिले आणि माहीमच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर दोन सत्ता समोरासमोर उभ्या ठाकल्या. पुढे मराठे साष्टीवर चालून आले, तेव्हा हा मोक्याचा किल्ला त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनीच त्याचा काही भाग पाडला. आपल्याला तटबंदी तुटपुंजी वाटते ती त्यामुळे. दोष केवळ काळाचा किंवा समुद्राचा नव्हे.

उरलेल्या भागाची डागडुजी 2003 मध्ये स्थानिक रहिवाशांच्या पुढाकाराने सुरू झाली. आज झाडी, पायवाटा आणि उतारावरचे पायऱ्यांचे खुले प्रेक्षागृह यांत किल्ला हरवल्यासारखा वाटतो खरा. मात्र प्रवेशद्वाराजवळचा 1640 सालचा शिलालेख सावकाश पाहावा, नाहीतर सागरी सेतूची छायाचित्रे काढूनच मंडळी परततात.